‘चालवून घ्या’ हे उत्तर नव्हे : नव्या कॉम्प्युटरची सदोष स्क्रीन आणि आपण

नव्याकोऱ्या डेस्कटॉपच्या स्क्रीनवर पहिल्याच आठवड्यात उभी रेष आली, कोपऱ्यात न विझणारा ठिपका दिसला किंवा चित्र थरथरू लागले, की दुकानदार ठरलेली तीन वाक्ये बोलतो. ‘थोडे दिवस वापरून बघा.’ ‘आता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा.’ आणि शेवटचे, ‘एवढं चालतं हो, चालवून घ्या.’ पैसे मोजले आपण, वस्तू घरी आली आपल्या, डोळे ताणून बघायचे आपण. पण दोष आहे की नाही हे मात्र तो ठरवणार. आमचे म्हणणे स्पष्ट आहे. दोष म्हणजे काय हे ठरवण्याचा अधिकार विकणाऱ्या एकट्याच्या हातात नाही. कायद्याने तो त्याला दिलेला नाही. आपण काउंटरवरून मुकाट्याने परत येतो म्हणून तो त्याच्याकडे राहतो.

आणि परत येणारे अडाणी असतात असेही नाही. बी.ए., बी.कॉम. झालेली, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी आपली मुले-मुली परत येतात. त्यांना मॉनिटर, पॅनेल, पिक्सेल हे शब्द माहीत असतात. काउंटरपलीकडचा माणूस मध्येच इंग्रजीत शिरला, ‘टेक्निकल आहे, तुम्हाला नाही कळणार’ म्हणाला, की ती गप्प बसतात. लहानपणापासून ‘आहे त्यात भागवायचे’ शिकलेल्या माणसाला ‘चालवून घ्या’ हे वाक्य ओळखीचे वाटते, हेही त्यामागे आहे.

समाजशास्त्र शिकताना अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाचे १९७० सालचे पुस्तक वाचनात आले होते. वस्तू किंवा संस्था बिघडली की माणसापुढे दोन वाटा असतात, असे तो मांडतो. एक, सोडून जाणे. दुसरी, आवाज उठवणे. ज्याच्या खिशात पैसा आहे तो पहिली वाट धरतो. वाईट मॉनिटर कोपऱ्यात टाकतो, दुसरा मागवतो. वर्गणीतून किंवा हप्त्यावर एकच कॉम्प्युटर घेणाऱ्याला ती वाट बंद आहे. त्याच्यापुढे दुसरीच उरते, आणि तीच त्याला कुणी शिकवलेली नसते. १९६३ साली डेव्हिड कॅप्लोविट्झ याने न्यूयॉर्कमधल्या गरीब कुटुंबांच्या खरेदीचा अभ्यास केला. टीव्ही, फर्निचर अशा मोठ्या वस्तूंसाठी गरीब माणूस जास्त पैसे मोजतो, माल हलका मिळतो आणि फसवणूक झाल्यावर दाद कुठे मागायची हे बहुतेकांना ठाऊक नसते, असे त्याला आढळले. साठ वर्षांनंतर मुलुंड, घाटकोपरच्या वस्त्यांतून फिरताना आम्हाला ते पुस्तक जुने वाटत नाही.

आम्ही ज्या अभ्यासिकेचे काम पाहतो ती मुलुंड पश्चिमेला, डोंगराकडच्या वस्तीत आहे. मुलांनी वर्षभर वर्गणी जमवून स्टेशनजवळच्या एका दुकानातून डेस्कटॉप घेतला. उद्देश साधा होता. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे, भरतीचे फॉर्म भरायचे, टायपिंगचा सराव करायचा. क्लार्क-टायपिस्टच्या जागेसाठी मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचा वेग लागतो. सायबर कॅफेत तासाला पैसे देऊन तो येत नाही. पाचव्या दिवशी अर्ज भरणाऱ्या एका मुलीला स्क्रीनच्या उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत हिरवी रेष दिसली. तिसऱ्या विषयाचे गुण नेमके तिच्याखाली जात होते.

दुकानात पहिले उत्तर मिळाले, ‘तुमच्याकडे लाईट कमी-जास्त होते ना, त्याने झालं असणार.’ हे वाक्य आम्ही मुद्दाम नोंदवतो. दुकानदाराने मॉनिटर उघडून बघितला नव्हता, साधा चालूही करून बघितला नव्हता. बिलावरचा पत्ता बघितला आणि निदान करून टाकले. वस्तूची तपासणी होण्याआधी वस्तीची तपासणी झाली. डॉक्टरने रोग्याला हात न लावता ‘तुम्ही लोक अस्वच्छ राहता’ म्हणावे तसे हे आहे. वास्तविक त्या खोलीत यूपीएस होता. आणि वीज कमी-जास्त झाल्याने मॉनिटर बिघडलाच, तर बहुतेक वेळा त्याचा वीजपुरवठ्याचा भाग जातो आणि मॉनिटर सुरूच होत नाही. बाकी सगळे चित्र नीट आणि फक्त एक सरळ रेष कायम, असा बिघाड सहसा पॅनेलच्या कडेला होतो. तिथे काचेवरच्या बारीक तारांना चालवणारी चिप आणि पातळ पट्टी चिकटवलेली असते. त्यातला एक सांधा सुटला की त्या ओळीतले सगळे ठिपके एकदम हातचे जातात. धक्का लागून काच फुटली असेल तर ती वेगळी दिसते. कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा, शाई सांडल्यासारखा काळा डाग. म्हणजे बिघाडाचा आकारच त्याचे कारण बऱ्याच अंशी सांगतो. पत्ता वाचायची गरज नाही.

म्हणून आमचा आग्रह आहे की काउंटरवर जाण्याआधी निदान आपण करावे. त्याला इंजिनिअर लागत नाही. मॉनिटरला स्वतःची बटणे असतात, ती दाबली की ब्राइटनेसचा मेनू येतो. तो मेनू मॉनिटर स्वतः तयार करतो, कॉम्प्युटर नाही. रेष त्या मेनूवरूनही जात असेल तर खोट मॉनिटरमध्ये आहे. मेनू स्वच्छ आणि मागचे चित्रच फाटलेले असेल तर केबल किंवा ग्राफिक्सचा भाग संशयित. दुसरी चाचणी, स्क्रीनशॉट काढून मोबाईलवर पाठवा. मोबाईलवर रेष दिसली नाही तर कॉम्प्युटरने चित्र बरोबर तयार केले होते, ते पुढे केबलमध्ये किंवा मॉनिटरमध्ये बिघडले. तिसरी, केबल काढून टाका. ‘सिग्नल नाही’ अशी पाटी येते तेव्हाही रेष आहे का ते बघा. चित्र थरथरत असेल, रंग पिवळट किंवा गुलाबी येत असेल, तर आधी केबल बदलून आणि शेजाऱ्याच्या मॉनिटरला जोडून बघावे; कारण असे दोष कितीदा तरी शंभर-दोनशे रुपयांच्या ढिल्या केबलने होतात आणि उगाच मॉनिटर बदनाम होतो. ठिपके शोधायला पूर्ण स्क्रीनवर आळीपाळीने काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा रंग लावावा. हे सगळे करताना मोबाईलवर व्हिडिओ घ्यावा, त्यात मॉनिटरच्या मागचा सिरियल नंबर यावा. वस्तू आणल्याच्या दिवशीच खोका उघडतानाचा व्हिडिओ घेतला असेल तर उत्तम. ‘तुम्हीच आपटला असेल’ या वाक्याला त्याच्याइतके चांगले उत्तर नाही.

एक घोळ डेस्कटॉपचाच आहे. लॅपटॉप एका कंपनीचा असतो. असेंबल केलेल्या डेस्कटॉपमध्ये सीपीयू दुकानदाराने जुळवलेला, आतले भाग पाच कंपन्यांचे आणि मॉनिटर सहाव्या कंपनीचा. म्हणून दुकानदार म्हणतो मॉनिटरवाल्यांकडे जा, मॉनिटरवाले म्हणतात ग्राफिक्स तपासा. वरच्या चाचण्या या टोलवाटोलवीवरचा इलाज आहेत. पण कायद्याचे म्हणाल तर आपण पैसे दुकानदाराला दिले, बिल त्याने दिले. तो ‘माझा संबंध संपला’ म्हणून सुटत नाही. तक्रारीत विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही सामनेवाले करता येते आणि करावे.

आता ठिपक्यांचा विषय, कारण सर्व्हिस सेंटरचे आवडते वाक्य इथे येते : ‘पॉलिसीप्रमाणे तीन ते पाच डॉट चालतात.’ हे पूर्ण खोटे नाही, आणि म्हणूनच नीट समजून घेतले पाहिजे. साध्या फुल एचडी स्क्रीनवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल असतात. प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन भाग, म्हणजे ६२ लाखांहून जास्त बारीक दिवे. त्यातला एखादा बंद निघणे शक्य आहे. म्हणून २००१ मध्ये आयएसओने एक मानक काढले, पुढे २००८ मध्ये ते ९२४१ या मालिकेत गेले. त्या जुन्या मानकात पॅनेलचे वर्ग पाडले होते. पहिल्या वर्गात एकही दोष चालत नाही. दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलमागे कायम पेटलेले दोन, कायम विझलेले दोन आणि अर्धवट बिघडलेले पाच चालतात. या वर्गीकरणाचा आधार घेऊन कंपन्यांनी आपापल्या पॉलिसी लिहिल्या.

यात दोन गोष्टी लपतात. पहिली, ही पॉलिसी विकताना कुणी दाखवत नाही. खोक्यावर ब्राइटनेस, रिफ्रेश रेट, रंगांची संख्या मोठ्या अक्षरांत असते. ‘यात चार ठिपके मेलेले निघाले तर आम्ही बदलून देणार नाही’ हे कुठल्याच खोक्यावर छापलेले नसते. जी अट खरेदीच्या वेळी सांगितली नाही ती तक्रारीच्या वेळी ढाल कशी होते? दुसरी गोष्ट, ठिपक्यांची पॉलिसी रेषेला लागू होऊ शकत नाही. वरपासून खालपर्यंत एका पिक्सेलच्या जाडीची रेष म्हणजे १०८० पिक्सेल. तीन ते पाच कुठे आणि एक हजार ऐंशी कुठे! तरीही आमच्या मुलांना त्याच पॉलिसीचा कागद दाखवण्यात आला होता. एका मुलाने तिथल्या तिथे कॅल्क्युलेटरवर गुणाकार करून दाखवला, तेव्हा समोरचा ‘साहेबांना विचारतो’ म्हणाला. कित्येकांना मॉनिटरमागच्या बीआयएसच्या खुणेचाही भरवसा वाटतो. ती खूण सुरक्षिततेची आहे, शॉक लागू नये, आग लागू नये यासाठीची. स्क्रीन निर्दोष असल्याची ती हमी नव्हे.

ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्ये आला, त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात कलम २(१०) मध्ये दोषाची व्याख्या आहे. गुणवत्ता, प्रमाण, क्षमता, शुद्धता किंवा मानक यांतली कोणतीही उणीव म्हणजे दोष. आणि हे मानक कायद्याने, कराराने किंवा विकणाऱ्याने केलेल्या दाव्यानेही ठरते. म्हणजे जाहिरातीत ‘फुल एचडी’ लिहिले तर त्याला ते बांधील आहे. त्याहून उपयोगाचे कलम २(४७). सदोष वस्तू परत घ्यायला आणि पैसे द्यायला बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि बिलात मुदत नसेल तर तीस दिवसांत नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवलेली आहे. बिलाच्या तळाशी ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का असतो ना, सदोष मालापुढे त्या शिक्क्याला किंमत नाही. वस्तू ऑनलाइन घेतली असेल तर २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची, असे ते सांगतात.

पण हे तीस दिवस आपण कसे घालवतो? ‘या आठवड्यात बघतो’, ‘साहेब गावाला गेलेत’, ‘पार्ट मागवलाय’ असे ऐकत घालवतो. पुढे महिने उलटले की गोष्ट बदलून नव्या वस्तूवरून दुरुस्तीवर येते. मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गाबगोत्रा या गाडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटले की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचे वचन असेल तर पूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. मॉनिटरलाही हाच तर्क लावला जाऊ शकतो. म्हणून पहिल्या दिवसांतली लेखी तक्रार महत्त्वाची. तोंडी बोललेले काहीही धरू नका. ज्या परंपरेत १९१९ साली साउथबरो समितीपुढे आणि १९२८ साली सायमन कमिशनपुढे लेखी निवेदन घेऊन बाबासाहेब उभे राहिले, त्या परंपरेतल्या कार्यकर्त्याला एका दुकानदाराला चार ओळींचे पत्र लिहायला जड जाऊ नये. पत्रात खरेदीची तारीख, बिल क्रमांक, सिरियल नंबर, दोष कधी दिसला, केलेल्या चाचण्या आणि नेमकी मागणी (बदलून द्या किंवा पैसे परत द्या) एवढेच लिहा. आमच्या मुलांनी असे पत्र सातव्या दिवशी दिले, प्रतीवर दुकानाचा शिक्का घेतला. एकोणिसाव्या दिवशी नवा मॉनिटर आला. त्या मधल्या बारा दिवसांत दुकानदाराचा आवाज कसा बदलत गेला, ते सांगायला ती मुले आजही तयार असतात.

बिलाशिवाय हे काहीच चालत नाही. ‘बिल नको असेल तर जीएसटीचे १८ टक्के वाचतील’ हे आमिष आपल्या वस्तीत सर्रास चालते. ते टक्के वाचतात आणि हक्क जातो. मागूनही बिल न देणे हीसुद्धा त्याच कलमाखाली अनुचित प्रथा आहे. मंडळांनी तर बिलावर नाव कुणाचे हेही बघावे. प्रतिभा प्रतिष्ठान विरुद्ध कॅनरा बँक या प्रकरणात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखाली ट्रस्टला ग्राहक म्हणून तक्रार करता येत नाही असे सांगितले. सोसायटी कायद्याखाली नोंदलेली संस्था किंवा नोंदणी नसलेला व्यक्तींचा समूह हे मात्र ‘व्यक्ती’च्या व्याख्येत बसतात. वर्गणीतून वस्तू घ्यायची तर बिलावर ‘मित्र मंडळ’ असे मोघम लिहून घेऊ नये. नोंदणीतले पूर्ण नाव किंवा पुढे उभा राहणाऱ्या एका कार्यकर्त्याचे नाव घालावे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी फॉर्म भरण्याचे दुकान टाकणाऱ्या तरुणाने कॉम्प्युटर घेतला असेल तर ‘हा धंद्याचा माल’ म्हणून त्याला हाकलता येत नाही. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करणारा कायद्याने ग्राहकच आहे.

पत्राला उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे निकाल लागत नाही, तडजोडीचा प्रयत्न होतो, आणि पुष्कळ मॉनिटर तेवढ्यानेच बदलून मिळतात. त्यापुढे जिल्हा आयोग. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हा सगळा मुंबई उपनगर जिल्हा, त्याचा आयोग वांद्रे पूर्वेला बसतो. कंपनीचे मुख्य कार्यालय बंगळुरूला असो की गुरुग्रामला, नवा कायदा तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करू देतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील सक्तीचा नाही. अर्ज ऑनलाइन करता येतो. २०२० मध्ये त्यासाठी ई-दाखिल सुरू झाले, २०२५ पासून ई-जागृती आहे. घटना घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. कायदा म्हणतो की निकाल तीन महिन्यांत द्यायचा प्रयत्न व्हावा, प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिन्यांत. प्रत्यक्षात तारखा पडतात, वर्षेही जातात, हे आम्ही लपवणार नाही. रोजंदारीवरच्या माणसाला वांद्र्याची एक तारीख म्हणजे एका दिवसाची मजुरी. प्रयोगशाळेची फी तक्रारदाराला भरायला सांगितली जाऊ शकते, हेही ध्यानात असू द्या. तपासणी कायद्याने तेव्हाच लागते, जेव्हा दोष तपासणीशिवाय ठरवता येत नाही. व्हिडिओत उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या रेषेला प्रयोगशाळा कशाला, हे आयोगापुढे ठामपणे म्हणता आले पाहिजे.

काही कार्यकर्ते म्हणतात, अत्याचाराची प्रकरणे पडली असताना मॉनिटरच्या रेषेवर कसले लेख लिहिता? आम्हाला हा आक्षेप मान्य नाही. ग्राहक चळवळ महाराष्ट्रात जोमाने वाढली, मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून उभी आहे. तिचा पाया पार्ले, दादर इथल्या मध्यमवर्गात राहिला. त्यांनी काम चांगले केले, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो कायदा आपल्या वस्तीत उतरला नाही, कारण आपण त्याला ‘त्यांचा’ विषय मानला. जो तरुण दुकानदाराला ‘मला लेखी द्या’ म्हणू शकत नाही, तो पोलीस ठाण्यात एफआयआरची प्रत कशी मागणार? सराव छोट्या काउंटरवर होतो.

२४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन. १९८६ च्या कायद्याला त्या दिवशी राष्ट्रपतींची संमती मिळाली होती. दुसऱ्या दिवशी, २५ डिसेंबरला मनुस्मृती दहन दिनाचा कार्यक्रम आपल्या बहुतेक वस्त्यांत असतोच. आमची सूचना अशी की आदल्या संध्याकाळी त्याच मंडपात एक टेबल टाकावे, दोन वकिली शिकणारी मुले आणि एक कॉम्प्युटर दुरुस्ती जाणणारा मुलगा बसवावा. मॉनिटर असो, मोबाईल असो, हप्त्यावरची वॉशिंग मशीन असो, लोकांना पत्रे तिथेच लिहून द्यावीत. सर्व्हिस सेंटरला वस्तू देताना जॉबशीटवर ‘बाहेरून तडा किंवा ओरखडा नाही’ असे लिहून घ्यायचे, हेही तिथे सांगावे. येणाऱ्यांनी बिल, वॉरंटी कार्ड आणि मोबाईलमधला व्हिडिओ सोबत आणावा. खोका फेकला नसेल तर त्यावरच्या सिरियल नंबरचा फोटोही.